जुळवलेलं मत

आमच्या केंद्रात कामाच्या वेळी बोलायला बंदी होती, आणि आम्ही दिवसभर एकमेकींना एकच प्रश्न विचारत असायचो. "काय टाकलं?"

केंद्र आदिलाबादेत, मोटारपंपांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. बावीस जणी, बावीस पडदे, सकाळी सहा ते दुपारी दोन. अमेरिकेत कुणी नोकरीसाठी घरून ऑनलाइन परीक्षा दिली, की एक सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून त्याच्यावर नजर ठेवायचं. त्याला काही खटकलं, म्हणजे चेहरा दिसेना, नजर भलतीकडे गेली, खोलीत दुसरं माणूस आलं, की तेवढा तुकडा कापून ते आमच्याकडे पाठवायचं. आम्ही तो बघायचा आणि दोनपैकी एक बटण दाबायचं. 'ठीक' किंवा 'संशय'. एका तुकड्याला दीड मिनिट.

नियम चांगला होता, हे मी आजही म्हणते. प्रत्येक तुकडा दोघींनी बघायचा, एकमेकींना न विचारता. दोघींनी 'ठीक' टाकलं तर उमेदवार पुढे, दोघींनी 'संशय' टाकला तर बाद. मतं वेगळी पडली तर तुकडा अमेरिकेत तिसऱ्या माणसाकडे जायचा. पण मत वेगळं पडलं की दोघींचेही गुण घसरायचे. गुण घसरलेलीला केंद्र सांभाळणारे सर काचेच्या केबिनमध्ये बोलवायचे, आणि दोनदा बोलावणं आलेलीची खुर्ची थोड्या दिवसांनी रिकामी दिसायची. मग आम्ही आमचा तोडगा काढला. जोडी ठरलेली असायची, शेजारी शेजारी. तोंडाला ओढणी लावून हळूच विचारायचं, आणि सिनियर जे सांगेल ते दुसरीनं टाकायचं. याला आम्ही 'जुळवणं' म्हणायचो, लग्न जुळवतात तसं. हसायचोही त्यावर. दोन शहरांतल्या केंद्रांना मागे टाकून आमचं केंद्र पहिलं आलं तेव्हा सरांनी सगळ्यांना समोसे दिले.

मी सिनियर होते. माझं मत कधीच वेगळं पडत नाही, याचा मला केवढा अभिमान होता! आता सांगायलाही लाज वाटते.

मी त्याच जिल्ह्यातल्या बाजारहत्नूरकडची. घरात मराठी, शाळेत तेलुगू, कचेरीत गेलं की अर्जाला दरखास्त म्हणायचं. पदवी झाल्यावर हैदराबादेत सॉफ्टवेअर कंपन्यांत मुलाखती दिल्या. तिथे विचारायचे, महाराष्ट्रातून आलात का? नागपुरात गेले तर विचारायचे, तेलंगणाच्या का? तीन वर्षं उंबरे झिजवले आणि परत आले. त्यामुळे हे केंद्र उघडलं आणि पहिल्याच दिवशी मला खुर्ची मिळाली, तेव्हा ती मी घट्ट धरून ठेवली. ती सुटू नये म्हणून काय काय केलं, ते आता सांगते.

माझ्या उजवीकडे बसायची ती बोथच्या पलीकडच्या गोंड गुड्यावरची, म्हणजे पाड्यावरची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. घरी गोंडी, आमच्याशी मराठी, सरांशी तेलुगू, आणि इंग्रजी वाचायला पक्की पण बोलताना अडखळणारी. तिला एक खोड होती. ती तुकडा दोनदा बघायची. दीड मिनिटात दोनदा! माझा पारा चढायचा.

"सिनेमा पाहून राह्यली का तू?" मी दटावायचे. "जुळव न पटकन. रांग वाढून राह्यली."

"व्हय ताई," म्हणायची आणि दाबायची.

त्या हिवाळ्यात नवं काम आलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची माणसं फारच थोडी होती. ती वाढावीत म्हणून त्यांनी खास तुकडी काढली होती. परीक्षेत निवडलेल्यांना वर्षभर शिकवायचं आणि थेट इंजिनिअर म्हणून घ्यायचं. कार्यक्रमाच्या प्रमुख बाई स्वतः कृष्णवर्णीय होत्या. काम सुरू होण्याआधी त्या आमच्याशी व्हिडिओवर बोलल्या. त्या म्हणाल्या, "परीक्षा अवघड आहे, ती असू दे. पण आमची मुलं परीक्षेच्या दारातच अडायला नकोत. त्या दारात तुम्ही बसल्या आहात." सगळ्यात जोरात मान मी डोलावली.

आणि मग तुकड्यांचा पूर आला. एरवी दिवसाला येत त्याहून कितीतरी जास्त. चेहरा दिसत नाही, चेहरा दिसत नाही, नजर बाजूला, खोलीत दुसरी व्यक्ती. आम्ही आपल्या 'संशय', 'संशय' दाबत सुटलो. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मोठ्यानं म्हणाले, "हे पोट्टे लबाडी फार करून राह्यले बापा." सगळ्या हसल्या. माझ्या उजवीकडची हसली नाही. हे मला तेव्हा दिसलं होतं आणि मी त्याकडे काणाडोळा केला होता.

ती दरखास्त आली त्या दिवशी शनिवार होता. थंडी अशी की स्वेटरवर शाल घेऊनही बोटं कीबोर्डवर वळत नव्हती. सहाला पडदा उघडला तर वरच लाल पट्टी. बाद झालेल्या एका उमेदवारानं फेरतपासणी मागितली होती. फेरतपासणी त्याच जोडीतल्या सिनियरकडे येते, म्हणून ती माझ्याकडे आली. खाली लिहिलं होतं की तुकडीची यादी त्यांच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद होईल. म्हणजे आमच्याकडे शनिवारी सकाळी साडेसात. दीड तास.

उमेदवाराचं नाव आम्हाला कधीच दिसत नसे, नुसता नंबर. पण पत्र तिचं होतं आणि सरळ होतं. मला आठवतं तसं सांगते. "मी परीक्षा सुरू केली तेव्हा पडद्यावर आलं की तुमचा चेहरा दिसत नाही. मी खिडकीकडे तोंड केलं. पुन्हा तेच आलं. मी झोपायच्या खोलीतला दिवा आणला. पुन्हा तेच. दर वेळी परीक्षा थांबत होती आणि वेळ चालू राहत होता. शेवटी मी आईला हाक मारली. ती कामावर निघाली होती, ती थांबली आणि पूर्ण वेळ दुसरा दिवा माझ्या तोंडाशी धरून उभी राहिली. खोलीतली दुसरी व्यक्ती ती आहे. मी कॉपी केली नाही. कृपया तो तुकडा आवाजासह बघा."

आवाजासह! आम्ही तुकडे आवाज बंद करूनच बघायचो. हेडफोन चढवा, आवाज वाढवा, यात सेकंद जातात. बावीस हेडफोन पुठ्ठ्याच्या खोक्यात पडून होते. मी उठून एक आणला, त्याची धूळ पुसली.

तुकडा चालू केला. वीस-बावीस वर्षांची मुलगी, केस मागे बांधलेले, ओठ घट्ट मिटलेले. बाजूनं एक हात येतो, हातात टेबलावरचा दिवा. मुलगी त्या हाताकडे बघते, काहीतरी बोलते. एवढ्यावर मी 'संशय' टाकला होता. आता आवाज होता. सॉफ्टवेअरची टिंग वाजत होती, पुन्हा पुन्हा. आणि त्या टिंगेमधून दमलेल्या बाईचा आवाज आला. "आता दिसतेस का गं त्याला?"

"नाही अजून," मुलगी म्हणाली.

मी तुकडा थांबवला आणि उजवीकडे पाहिलं. तीही माझ्याच पडद्याकडे बघत होती.

"ताई, हे तेच पोरगी हाये न," ती म्हणाली. "दिवेवाली."

"तुले आठवते?"

"मी म्हटलं व्हतं तुमाले. ठीक टाकू का म्हणून."

म्हटलं होतं. आता मला सगळं आठवलं. ती म्हणाली होती, "ताई, हे लबाडी नाई. दिवा लावून राह्यली बिचारी. मीबी असंच करतो खाली." आणि मी पडद्यावरून मानही न वळवता म्हणाले होते, "म्या संशय टाकला. तू जुळव."

खाली म्हणजे जिन्यापाशी. तिथे हजेरीचा कॅमेरा होता. समोर चेहरा धरायचा, हिरवा दिवा लागला की हजेरी लागली. आमचा लागायचा. तिचा लागत नसे. सावळी म्हणजे चांगलीच सावळी होती ती, आणि जिन्यात अंधार. रोज सकाळी ती एका हातात मोबाईलची बॅटरी धरून स्वतःच्या तोंडावर उजेड पाडायची, मान वर करायची, खाली करायची, तेव्हा कुठे हिरवा दिवा लागायचा. मागे आमची रांग. "पावडर लावत जा माय," असं कुणीतरी म्हणायचं. कुणीतरी कशाला, मीच म्हणायचे. थट्टा होती ती, असं मी स्वतःला सांगत आले. पण रोज सकाळी त्या कॅमेऱ्यापुढे उभी राहणारी ती होती, आणि ती मुलगी काय करते आहे हे अख्ख्या केंद्रात तिला एकटीला कळलं होतं.

सहा पंचवीस झाले होते. निकाल बदलायचा म्हणजे एक बटण, असं मला वाटलं. मी 'निकाल बदला' दाबलं. सॉफ्टवेअरनं कारण विचारलं. तीन पर्याय होते. पहिल्या परीक्षकाची चूक. दुसऱ्या परीक्षकाची चूक. दोघांची चूक. आणि त्याखाली एक प्रश्न होता. दोन्ही परीक्षकांनी आपापलं मत स्वतंत्रपणे दिलं होतं का? होय, नाही.

मी 'दोघांची चूक' आणि 'होय' दाबलं. लगेच पिवळी चौकट आली. स्वतंत्र मतं देऊनही दोघी चुकल्या असतील तर निकाल राखून ठेवला जाईल आणि तीन कामकाजी दिवसांत तपास होईल. तीन दिवस! तिची यादी तासाभरात बंद होत होती. मी पटकन मागे आले.

केबिनमधल्या फोनवरून सरांना बोलावलं. ते बिचारे टोपरं बांधून दहा मिनिटांत पोचले. माणूस वाईट नव्हता. वरंगलकडचा, आमच्याशी हिंदीत बोलायचा. त्यांनी पत्र वाचलं, तुकडा पाहिला, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले.

"बच्ची का नुकसान नहीं होना," ते म्हणाले. "बदल दो. सेकंड रिव्ह्यूअर की गलती डाल दो. एक क्लिक की बात है मॅडम."

दुसरी परीक्षक म्हणजे उजवीकडची. तिचे गुण आधीच काठावर होते, कारण तुकडे दोनदा बघण्यात तिचा वेळ जायचा. ही चूक तिच्या नावावर लागली की ती गेलीच. सरांना ते माहीत होतं. मलाही.

"आणि पहिल्याची चूक टाकली तर?" मी विचारलं.

"फिर तुम गये. सिनियर गये तो पूरा सेंटर हिलता." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "और नीचे 'नहीं' पे टिक करे तो ऑडिट आता. कैसे काम करते, सब निकलता. बाईस लडकियाँ है मॅडम. सोचो."

ते खोटं बोलत नव्हते. त्या बावीस जणींत दोघींचे नवरे गेलेले होते, एकीच्या पगारावर तीन भावंडं शिकत होती. मी समोर पाहिलं. वीस पाठी, वीस वेण्या आणि अंबाडे, सगळ्या ताठ. कुणीच काम करत नव्हतं. सगळ्यांना कळलं होतं.

उजवीकडची म्हणाली, "ताई, माह्यावर टाका."

"गप बस."

"नाई, टाका. मी जाईन गावाले. त्या पोरीचा टाइम सरून राह्यला."

मला तिचा इतका राग आला! एवढं शहाणपण हिला कोणी शिकवलं? मग कळलं की राग तिचा नव्हता. ती तोडगा काढून देत होती आणि मला तो मनापासून हवा होता. माझं बोट माउसवर होतं. 'दुसऱ्या परीक्षकाची चूक' या ओळीवर बाण नेऊन मी थांबले होते. हे मी लपवणार नाही. दाबलं नाही हे खरं, पण किती वेळ ते बोट तिथे होतं ते मला ठाऊक आहे. सरांनी घड्याळ पाहिलं. सात वाजून चार.

"क्या सोच रहे मॅडम?"

मी काही थोर विचार करत नव्हते. हैदराबादेतल्या एका मुलाखतीत, मी खोलीबाहेर पडल्यावर दार पूर्ण लागायच्या आत, एकानं दुसऱ्याला विचारलेलं मला ऐकू आलं होतं, "तुम क्या डाले?" तो प्रश्न इतकी वर्षं माझ्या डोक्यात मागे कुठेतरी होता. मला नेहमी वाटायचं की त्या दुसऱ्यानं कदाचित मला घ्यायचं ठरवलं असेल, आणि त्या प्रश्नानंतर मत बदललं असेल. आणि इथे तोच प्रश्न मी दिवसाला शंभरदा विचारत होते.

मी 'पहिल्या परीक्षकाची चूक' दाबलं. खालच्या प्रश्नाला 'नाही' दाबलं. सर उठून उभे राहिले. एक रिकामी चौकट उघडली, खुलासा लिहा. मी इंग्रजीत लिहिलं की दुसरी परीक्षक 'ठीक' टाकणार होती, मी तिला मत बदलायला लावलं, आणि आम्ही इथे सगळ्याच जोड्या असंच करतो. समोरच्या पाठींकडे मी पाहिलं नाही. सात बावीसला पाठवलं. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मग हिरवी पट्टी आली. निकाल बदलला.

सर केबिनमध्ये गेले. दरवाजा त्यांनी आपटला नाही, हळूच लावला, आणि ते मला जास्त लागलं.

पुढे काय झालं ते सगळं सांगायचं तर वेगळं लिहावं लागेल. ऑडिट आलं. काम निम्म्यावर आलं आणि खुर्च्याही. ज्यांच्या गेल्या त्यांतल्या दोघी अजूनही बाजारात दिसल्या की रस्ता बदलतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. माझी खुर्चीही महिनाभरानं गेली. ते होणारच होतं. पण त्या सकाळी साडेआठला जे झालं, त्याचा घाव अजून भरलेला नाही.

साडेआठला प्रमुख बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्या मागे खिडकी, खिडकीत अंधार पडलेला. सर, मी आणि उजवीकडची, तिघं केबिनमध्ये. बाईंनी आधी सांगितलं की त्या मुलीची जागा पक्की झाली, मघाशीच तिला कळवलं. मला हायसं वाटलं. खुर्चीत मागे टेकले. वाटलं, झालं, निस्तरलं.

बाई म्हणाल्या, "पत्र लिहिलेली ही एकटी. न लिहिता गेलेल्या किती?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी सरांकडे.

"मले माहीत हाये," उजवीकडची म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "ताई, तुमी इंग्रजीत सांगा त्याईले."

आणि ती सांगू लागली. कागद नाही, मोबाईल नाही, केंद्रात आत आलं की दोन्हीला बंदी होती. नुसतं डोक्यातून. एक पोरगा, लाल टोपीवाला, मागे शिलाई मशीन आणि मशीनवर बसलेली म्हातारी. म्हातारी उठून पाणी प्यायली म्हणून संशय. एक जण गाडीत बसून परीक्षा देत होता, घरात लेकरं रडत असतील. एक बाई, तिच्या मांडीवर बाळ आलं, तिनं एका हातानं टाइप केलं. एक पोरगी जिचा चेहरा शेवटपर्यंत दिसलाच नाही, नुसते दात दिसत होते, कारण ती हसून दाखवत होती, कॅमेऱ्यानं ओळखावं म्हणून. प्रत्येकाला ती 'ठीक' टाकणार होती. कोणत्या दिवशी, सकाळच्या चहाआधी की नंतर, तेही तिला आठवत होतं. ती थांबून थांबून बोलत होती आणि मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत होते. प्रत्येक वेळी शेवटी ती म्हणायची, "मंग ताईनं म्हटलं, बदल." आणि मला ते तसंच इंग्रजीत सांगावं लागायचं. मग मी तिला बदलायला सांगितलं. मग मी तिला बदलायला सांगितलं. अकरा वेळा.

बाई लिहून घेत होत्या. अकरावं झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, तिला नमस्कार केला, हात जोडून, आपल्यासारखा. मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता.

"आणि तुम्हाला यातले कोण आठवतात?" त्यांनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. लाल टोपी, शिलाई मशीन, मांडीवरचं बाळ. ते सगळं मी आत्ताच तिच्या तोंडून ऐकलेलं होतं. ते तुकडे माझ्याही डोळ्यांसमोरून गेले होते, प्रत्येक दीड मिनिट. सरांनी घसा खाकरला.

"एकही नाही," मी म्हणाले.